उपाहारगृहाचा मालक आणि त्याचा सेवकवर्ग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्यवसाय-परिसंवादात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यात एवढाच मजकूर होता की, हॉटेलच्या धंद्यात आपण उभे आयुष्य घालविले आहे, तरी तरुण मंडळींस उपयोगी पडेल असे काही सांगावे. मी विचारात पडलो. कचोरी कशी तळावी हे सांगावे, तर समोर बसलेल्या भगिनी त्या शास्त्रात माझ्याहून पारंगत आहेत. नफा किती झाला हे सांगणे शोभत नाही, आणि तोटा किती झाला हे सांगितल्यास नातवाच्या सोयरिकीस बाध येईल. अखेरीस मनाशी ठरविले की, ज्या विषयात आपण चुकलो त्याच विषयावर बोलावे. कारण तेथे आपले शिक्षण खरे झालेले असते. तो विषय म्हणजे आपल्या दुकानात काम करणारी माणसे. ती समाधानाने का राहतात, मन लावून काम का करतात, आणि एके दिवशी न सांगता निघून का जातात, याचा आज आपण थोडा विचार करू.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ‘हॉटेल’ हा शब्द मोठा उदार आहे. बसस्थानकासमोरचे चहा-भज्यांचे दुकान हेही हॉटेल, तर्री-पोह्यांची गाडी हेही हॉटेल, आणि नागपूर-तुळजापूर रस्त्यावर नव्याने उभे राहिलेले वातानुकूलित भोजनगृह हेही हॉटेलच. या सर्वांत राबणारा माणूस मात्र बहुधा एकाच ठिकाणाहून येतो. आपला जिल्हा कापसाचा, आणि कापूस बव्हंशी कोरडवाहू. तीन भावांत वाटणी होऊन वाट्यास आलेल्या चार-पाच एकरांवर दोन कुटुंबे पोसत नाहीत. मग एक भाऊ शेतीवर राहतो, आणि दुसरा वणीच्या कोळसा खाणीकडे, पुण्या-मुंबईकडे किंवा जवळच्या गावातील हॉटेलकडे वळतो. म्हणजे आपल्या भटारखान्यात जो माणूस घामाने निथळत उभा असतो, तो कोणा परक्या मुलखातून आलेला नसून आपल्याच शिवारातून निघालेला असतो. पुष्कळ वेळा तर तो आपल्याच ज्ञातीचा आणि आपल्याच नात्याचा असतो. आज मला जे बोलावयाचे आहे, त्याचे मूळ या नात्यातच आहे.

मालक मंडळी एकत्र जमली की एक गाऱ्हाणे ठरलेले असते. “माणसे टिकत नाहीत हो! पोळ्याला म्हणून गेला तो दसऱ्यापर्यंत परतला नाही. दिवाळीला उचल घेतली आणि पसार झाला. हल्लीच्या पोरांना कामाची आचच नाही.” मीही हे गाऱ्हाणे अनेक वर्षे मोठ्या हिरिरीने गायिले आहे. परंतु एकाच गावात, एकाच रस्त्यावर, एका दुकानातील कारागीर १५ वर्षे टिकतो आणि शेजारच्या दुकानात तीन महिन्यांत तीन कारागीर बदलतात, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. पोरे तीच, गाव तेच, पोळाही तोच. तेव्हा दोष सर्वस्वी पोरांच्या माथी मारता येत नाही.

माझीच हकीकत सांगतो. १९८८ साली जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी मी लहानसे उपाहारगृह काढले. १९९५ च्या सुमारास नात्यातील एक विधवा भगिनी आपल्या १७ वर्षांच्या मुलास घेऊन आली. “भाऊ, पोराले तुमच्या हवाली करतो,” एवढेच ती म्हणाली. पगाराचा शब्द तिनेही काढला नाही, मीही काढला नाही. नात्यात पगार कसा विचारावा असा तिला संकोच, आणि घरच्या मुलाला कसला पगार अशी माझी सोयीस्कर समजूत. तो माझ्या घरी जेवे, दुकानात निजे. दिवाळीला कपडे, आजारपणात औषध, हातखर्चाला अधूनमधून पाच-पन्नास रुपये. “तुझे पैसे माझ्याजवळ जमा आहेत,” असे मी त्यास सांगत असे आणि ते मला मनापासून खरेही वाटत असे. दोन वर्षांत त्याचा हात असा बसला की, गावातील लोक माझ्या नावाने नव्हे, तर त्याच्या आलूबोंड्याच्या रश्श्यासाठी दुकानात येऊ लागले.

२००१ साली त्याच्या बहिणीचे लग्न ठरले. एके रात्री दुकान झाकल्यावर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “मामा, माहा हिशेब किती झाला?” सहा वर्षांत प्रथमच हा प्रश्न निघाला होता. मी मनातल्या मनात कपडे, औषधे, हातखर्च असे सारे वजा केले आणि १८,००० रुपये असा आकडा सांगितला. त्याच्या मनातील आकडा निराळा होता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. पण कागद त्याच्याजवळही नव्हता आणि माझ्याजवळही नव्हता. तो काही बोलला नाही. पैसे घेऊन गेला, बहिणीचे लग्न केले, आणि परत आला नाही. मी चारचौघांत त्यास कृतघ्न म्हटले. पुढे सात महिने गिऱ्हाईक मला विचारीत होते, “कारागीर बदलला काय हो?”

आठ वर्षांनी, २००९ साली, पांढरकवड्याकडून परतताना तेव्हाच्या सात क्रमांकाच्या व आताच्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर एका ढाब्यात मी जेवावयास थांबलो. आतून वस्ताद बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. तोच तो. मी ओशाळून विचारले, “कसे चालले आहे?” तो म्हणाला, “पाच तारखेले पगार भेटते मामा. मालक शिव्याबी देते, पण पाच तारीख चुकत नाही.” मग थोडे थांबून म्हणाला, “तुमच्याकडे होतो तवा रस्सा चाखून पाहो मी. इथं नाही पाहत.”

बांधवांनो, या दोन वाक्यांत माझ्या आजच्या भाषणाचा सारांश आला आहे. माझ्याकडे त्याला माया मिळाली, पण पगार मिळाला नाही, म्हणून तो गेला. तेथे त्याला पगार मिळाला, पण मान मिळाला नाही, म्हणून तो राहिला खरा, परंतु रस्सा चाखून पाहीनासा झाला. एका मालकाने माणूस गमावला, दुसऱ्याने माणूस ठेवून त्याचे मन गमावले. नुकसान दोघांचेही झाले.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही. विद्वानांनीही त्याचा अभ्यास केला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांच्या व हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा की, असंतोष उत्पन्न करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पगार अपुरा असला, कामाची जागा वाईट असली, वरिष्ठ जाचक असला, की माणूस असंतुष्ट होतो. या उणिवा दूर केल्या की असंतोष मिटतो. पण तेवढ्याने उत्साह येतो असे नाही. उत्साह येतो तो काम चांगले झाल्याच्या आनंदातून, त्याची कोणी दखल घेतल्यामुळे, आणि आपल्यावर विश्वासाने जबाबदारी टाकली गेल्यामुळे. हर्झबर्गने ज्यांना प्रश्न विचारले ते सुस्थितीतील पगारदार होते, हे मात्र आपण विसरू नये. आपल्या भटारखान्यातील माणसाच्या घरी पेरणीला बियाणे घ्यावयाचे असते. त्याच्या बाबतीत पगाराचा पाया आधी भरावा लागतो, भिंत मागाहून चढते. पायाशिवाय गोड शब्दांची भिंत चढवू गेलो, तर ती माझ्या भाच्याप्रमाणे एका रात्रीत कोसळते.

आता पगाराविषयी दोन शब्द. पुष्कळ मालक म्हणतात, परवडत नाही. म्हणून एक साधे गणित मांडतो. समजा, कारागिरास आपण महिना १५,००० रुपये देतो आणि तो १७,००० मागतो. वर्षाचा फरक २४,००० रुपये. आपण नाही म्हणतो, तो जातो. नवा माणूस मिळून त्याचा हात बसेपर्यंत दोन महिने जातात. रोजची ८,००० ची विक्री या काळात ६,००० वर आली, तर ६० दिवसांत १,२०,००० रुपयांची विक्री बुडाली. त्यात तिसरा हिस्सा नफा धरला तरी ४०,००० रुपये गेले. नव्या माणसाने जाळलेले तेल, फुकट गेलेले बेसन आणि समोरच्या दुकानात कायमचे गेलेले गिऱ्हाईक यांचा हिशेब यात धरलेला नाही. म्हणजे आपण २४,००० वाचविले आणि ४०,००० घालविले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गल्ल्याचे आकडे घालून हे गणित घरी करून पाहावे.

पगाराच्या रकमेइतकेच महत्त्व त्याच्या तारखेस आहे. ज्याच्या घरी सावकाराचा किंवा बचत गटाचा हप्ता ठरलेल्या दिवशी भरावयाचा असतो, त्याला २० तारखेस मिळालेले १५,००० हे पाच तारखेस मिळालेल्या १५,००० इतके कधीच वाटत नाहीत. मधले १५ दिवस त्याने दुसऱ्याच्या दारी मान खाली घातलेली असते. ‘उचल’ हा प्रकारही असाच. अडचणीला उचल देणे हे चांगुलपणाचे आहे. पण माणूस बांधून ठेवण्यासाठी उचलीचा दोर वापरला, की चांगुलपणाची बेडी होते, आणि बेडी घातलेला माणूस पळण्याची वाट पाहतो.

दुसरी बाजू मालकाच्या वागणुकीची. यालाच हल्ली ‘नेतृत्व’ म्हणतात. आपणांस वाटते, नेतृत्व म्हणजे पुढाऱ्यांचा विषय. चहाच्या दुकानात कसले आले नेतृत्व! पण गल्ल्यावर बसलेला माणूस सहा-सात जणांचे दिवसाचे १० तास घडवीत किंवा बिघडवीत असतो. गिऱ्हाईकासमोर पोराचा कान धरणे, कप फुटला की न सांगता पगारातून कापणे, सर्वांच्या वाट्याची बक्षिसी गल्ल्यात टाकणे, हेही नेतृत्वच आहे. फक्त ते वाईट आहे.

चांगल्या नेतृत्वाचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी त्यावर हल्ला केला, तेव्हा तेथील नोकरवर्गास मागील दारांनी निघून जाणे शक्य होते. आपले दरवाजे, आपले जिने त्यांना ठाऊक होते. तरीही बहुसंख्य माणसे पाहुण्यांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी मागे राहिली. सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले त्या आगीत मृत्युमुखी पडली. तरी ते कामावरून हलले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी अंजली रैना यांच्यासमवेत २०११ साली या घटनेवर लेख लिहिला. त्यात म्हटले आहे की, १,२०० ते १,५०० पाहुण्यांना वाचविताना ताजच्या ११ सेवकांनी प्राण वेचले.

हे धैर्य आले कोठून, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना आढळले की, ही संस्था मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतून मुले निवडते, आणि निवडताना गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव पाहते. मुलांना १८ महिने शिकविते. गिऱ्हाईकाच्या हितासाठी जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा देते. कोणी चांगले काम केले तर त्याची नोंद करून त्वरित शाबासकी देण्याची तेथे ठरलेली पद्धत आहे. आणि ती शाबासकी कोणी दूरचा अधिकारी देत नाही, रोज ज्याच्या हाताखाली काम करावयाचे तोच देतो. हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये पीडितांच्या साह्यासाठी ताजने विश्वस्त निधीही स्थापिला. आपले दुकान म्हणजे ताजमहाल नव्हे, हे मी जाणतो. परंतु लहान गावचे मूल आपल्याकडेही येते. “आज चिवडा झकास झाला रे बाबू,” हे शब्द उच्चारण्यास पैसाही लागत नाही. मी ३० वर्षांत ते किती वेळा उच्चारले, हे आठवू गेलो तर बोटे पुरून उरतात.

वागणुकीत केवळ गोड बोलणे येत नाही, कामाची नीट रचनाही येते. विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील उपाहारगृहांचा अभ्यास करून १९४८ साली ग्रंथ लिहिला. गर्दीच्या वेळी वाढणाऱ्या मुली आणि आतील कारागीर यांच्यात भांडणे का होतात, हे त्यास पाहावयाचे होते. त्याला दिसले की, कारागीर स्वतःस वरच्या दर्जाचा समजतो, आणि वाढणारी मुलगी ओरडून त्याला हुकूम सोडते. हे त्यास खपत नाही. मग तो मुद्दाम उशीर करतो आणि गिऱ्हाईकाचा राग मुलीवर निघतो. जेथे मागणी ओरडून न सांगता चिठ्ठीवर लिहून खिळ्याला अडकविण्याची पद्धत होती, तेथे ही कटकट पुष्कळ कमी होती. कारागीर एकेक चिठ्ठी काढी व क्रमाने पदार्थ करी; कोणी कोणावर हुकूम सोडीत नसे.

आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या दुकानात काय होते? बाहेरून पोऱ्या ओरडतो, “दोन समोसे, एक कचोरी!” आतून वस्ताद ओरडतो, “थांब ना बे!” आणि गल्ल्यावरून आपण दोघांवरही ओरडतो. गिऱ्हाईक तीन सूर ऐकत बसते. माझ्या मुलाने दुकान हाती घेतल्यावर भिंतीला खिळा ठोकला आणि चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली. मी प्रथम हसलो. पण दोन आठवड्यांत बाजाराच्या दिवसाची निम्मी आरडाओरड थांबली. माणसे तीच होती. व्यवस्था बदलली होती.

आता भगिनींकडे वळतो, कारण ‘घरचे माणूस’ या शब्दाखाली सर्वांत अधिक राबली ती त्यांची पिढी. आपल्या किती खानावळींत पोळ्या घरची लक्ष्मी लाटते, आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव कोठे असते? मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांसाठी जेवण रांधणाऱ्या हजारो खानावळवाल्या होत्या. भांडवल नाही, म्हणून त्या सावकारांच्या कचाट्यात सापडलेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. ज्या हातांना ‘घरकाम’ म्हणून कोणी मोल देत नव्हते, त्या हातांच्या कष्टावर बँक विश्वास ठेवू लागली. त्या बायांचे रांधणे पूर्वीचेच होते. त्यांच्या नावाने कागद झाला, एवढाच बदल. तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. आपल्या खानावळीत राबणाऱ्या सुनेच्या नावेही दरमहा काही रक्कम बँकेत पडली, तर घराचे काही बिघडणार नाही, घडेलच.

कायद्याचाही उल्लेख करणे अवश्य आहे. हॉटेलातील नोकरास कायद्याचे संरक्षण आजचे नाही. १९४७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचा दुकाने व आस्थापनांचा कायदा झाला, तेव्हापासून त्याचा आरंभ आहे. आज राज्यात या विषयावरील २०१७ चा कायदा, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू आहे. २० पेक्षा कमी माणसे ठेवली की आपण सुटलो, असे काहींस वाटते. तो भ्रम आहे. किमान वेतनाचे बंधन माणसांच्या संख्येवर अवलंबून नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावयाचा असतो. जादा कामास दुप्पट दर द्यावा लागतो. आणि नोकर काम सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. १४ वर्षांखालील मुलास हॉटेलात वा ढाब्यावर कामास ठेवण्याची बंदी तर १० ऑक्टोबर २००६ पासूनच आहे. ‘शिकेल बिचारा काम’ ही सबब तेथे चालत नाही, आणि चालू नये. त्या वयाचे मूल आपल्या दारी आले, तर त्याला मंडळाच्या मदतीने शाळेत पोहोचविणे हेच आपले काम.

या सर्वांची परीक्षा २०२० साली झाली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली आणि शेगड्या विझल्या. महाराष्ट्रात उपाहारगृहांत बसून खाण्यास परवानगी मिळाली ती पाच ऑक्टोबरला, तीही निम्म्या आसनांपुरती. माझ्या मुलाने त्या सहा महिन्यांत माणसांना निम्मा पगार आणि घरचा किराणा पुरविला. गल्ला बंद असताना हे करणे सोपे नव्हते. सुनेचे काही दागिने गहाण पडले. मी वडीलपणाने त्यास म्हटले, “एवढे कशाला?” तो म्हणाला, “बाबा, तुम्ही मला त्या भाच्याची गोष्ट सांगितली आहे.” ऑक्टोबरात सात जणांपैकी सहा पहिल्याच दिवशी हजर होते. शेजारच्या एका दुकानदारास दिवाळी उलटून गेली तरी कारागीर मिळाला नव्हता.

आता मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. गेल्या वर्षीची स्मरणिका चाळली तर जाहिरातींच्या पानांवर आपल्या बांधवांची कितीतरी भोजनालये आणि उपाहारगृहे दिसतील. त्या सर्वांनी ठरविले तर पुढील गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, नात्यातले असो वा परके, प्रत्येक माणसाचा पगार पहिल्याच दिवशी ठरवावा आणि एका लहान वहीत लिहून तीवर दोघांनी सही करावी. वही त्याच्याजवळ असावी. दुसरी गोष्ट, पगाराची तारीख एकच असावी आणि ती सणासुदीसही चुकू नये. तिसरी गोष्ट, आठवड्याची सुटी द्यावी, आणि पोळ्याची सुटी आधीच ठरवून द्यावी; चोरून जावे लागले की माणूस परत येण्यास लाजतो. चौथी गोष्ट, बक्षिसीचा डबा वेगळा ठेवावा आणि भांडी घासणाऱ्यासही त्यात वाटा असावा. पाचवी गोष्ट, चूक झाली तर आत नेऊन सांगावी, आणि शाबासकी मात्र सर्वांसमक्ष द्यावी.

मंडळाकडूनही एक मागणे आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करितो, तो योग्यच आहे. त्याच व्यासपीठावर दरवर्षी एका कारागिराचा किंवा पोळ्या लाटणाऱ्या एका भगिनीचा सत्कार व्हावा. दहावीत ९० टक्के गुण मिळविणे कठीण आहे. २० वर्षे पहाटे चारला उठून शेगडी पेटविणे त्याहून सोपे नाही. शिवाय, नात्यातील मालक व नोकर यांच्यात हिशेबाचा वाद पडला, तर तो सोडविण्यास मंडळाने तीन वडीलधाऱ्यांची समिती नेमावी. नात्यामुळे तोंड बंद झालेल्या माणसास बोलण्याची एक जागा मिळेल.

जाता जाता त्या हकीकतीचा शेवट सांगितला पाहिजे. महामार्गावरून घरी परतल्यावर मी वही काढून बसलो. १९९५ ते २००१ या काळात आमच्या गावी तशा कामास जेवणखाणाव्यतिरिक्त सरासरी ८०० रुपये महिना मिळत असे. ७२ महिन्यांचे ५७,६०० झाले. त्यातून दिलेले १८,००० वजा जाता ३९,६०० रुपये त्याचे माझ्याकडे निघत होते. कपडे व औषधे मी या वेळी वजा केली नाहीत. ती मी मामा म्हणून दिली होती, मालक म्हणून नव्हे. ते पैसे घेऊन मी पुन्हा त्या ढाब्यावर गेलो. त्याने ते मोजून घेतले. मग आत जाऊन एक कागद आणला, त्यावर आपल्या हाताने पावती लिहिली, सही केली आणि मला दिली. मी ती मागितली नव्हती. १४ वर्षांच्या आमच्या व्यवहारात तेवढा एकच कागद झाला. तो मी अद्याप जपून ठेवला आहे.

आपणांपैकी ज्यांच्या दुकानात आज कोणी ‘घरचा मुलगा’ काम करीत असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचा हिशेब करावा. त्याने विचारण्याची वाट पाहू नये. एवढे एक काम आपल्या हातून झाले, तर माझे येथे उभे राहणे सार्थकी लागले असे मी समजेन.